जीटर, आमचा पॉइंट आणि माझी पेन्सिल

गणपतीला माझा भाचा न्यू जर्सीहून आला तो डोक्यावर निळी टोपी घालूनच. टोपीवर एन आणि वाय ही अक्षरं एकमेकांत अडकलेली. ताई दारातच म्हणाली, "आधी ती टोपी काढ, घरात देव बसलाय." टोपी निघाली, पण टोपीवाला संघ आणि त्या संघाचा एक माणूस पाच दिवस घरातून हलला नाही. डेरेक जीटर, न्यूयॉर्क यांकीज ह्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप.

"मामा, तुम्ही स्कोअरर लोक सारखं बेसिक्स, बेसिक्स करता ना? बेसिक्स बघायचे तर जीटर बघा."

मी म्हटलं, बघतो की. बाहेर आमच्या बेळगावचा पाऊस धो धो पडत होता, विसर्जनाला अवकाश होता आणि फौंड्रीला सुट्टी. म्हणून बघायला बसलो, आणि बघता बघता असा अडकलो की भाचा परत गेला तरी माझं चालूच राहिलं. आमच्या भागात नळाला पाणी पहाटे येतं. बॅरल भरेपर्यंत तास-दीड तास जागं राहावंच लागतं. न्यूयॉर्कमधला संध्याकाळचा सामना आपल्याकडे साधारण साडेचारला सुरू होतो. एक डोळा पाइपवर, एक मोबाईलवर. जीटर २०१४ मध्येच निवृत्त झाला, त्यामुळे त्याचे जुने व्हिडिओ दुपारी जेवणाच्या सुट्टीत. बायको म्हणते, "ह्या वयात नवीन खूळ." असू दे.

आता मी कोण, ते सांगायला हवं, नाहीतर उगाच शहाणपणा शिकवतोय असं वाटेल. दिवसा मी उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेब बघतो. रविवारी आणि सुट्टीला सामन्यांचं स्कोअरिंग करतो. सरदार्स मैदान, टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो, कधी खानापूरला, कधी निपाणीला. पंचवीस वर्षं झाली. आमच्याकडे दोन संघांचे दोन स्कोअरर शेजारी शेजारी बसतात. ओव्हर संपली की एकानं मराठीत आकडा सांगायचा, दुसऱ्यानं कन्नडमध्ये. जुळला तर "सरी", नाही जुळला तर दोघांनी मागच्या सहा चेंडूंची उजळणी करायची. बाहेर सीमेवरून कितीही वाद होऊ देत, त्या टेबलावर ताळा जुळल्याशिवाय पुढचा चेंडू लिहिला जात नाही.

तर जीटर. त्याच्या बॅटिंगबद्दल मला काही म्हणायचं नाही. ३,४६५ हिट्स, म्हणजे तितक्यांदा चेंडू मारून सुखरूप बेस गाठलेला. पाच वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची शेवटची मालिका, जिंकलेला. यांकीजचा कॅप्टन. २०२० मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ३९७ पैकी ३९६ मतं. एकानं दिलं नाही, तो कोण म्हणून अमेरिकेत शोधाशोध झाली. भांडण आहे ते फिल्डिंगचं. उत्तम क्षेत्ररक्षकाला देतात तो गोल्ड ग्लव्ह त्याला पाच वेळा मिळाला: २००४, ०५, ०६, ०९ आणि १० साली. आणि आकडे मांडणारे लोक म्हणतात, हा आपल्या काळातल्या सर्वांत कमकुवत शॉर्टस्टॉपांपैकी एक. एकाच माणसाबद्दल ही दोन मतं! स्कोअररच्या कानावर असलं काही पडलं की त्याला झोप लागत नाही.

बेसबॉलमध्ये बॅट्समन मारून एकेका बेसवरून पळतो, चौथा बेस म्हणजे घर, ते गाठलं की एक रन. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला माणूस. आपल्याकडचा पॉइंट आणि कव्हर एकाच माणसाला दिला, वर त्याला सांगितलं की नुसतं अडवून भागणार नाही, चार-साडेचार सेकंदांत चेंडू मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पहिल्या बेसवर पोचला पाहिजे, तर जे होईल ते. उजव्या हाताचा बॅट्समन मारतो तेव्हा जमिनीवरचे बरेच चेंडू त्याच्याकडेच येतात. म्हणून संघातला सर्वांत चपळ माणूस तिथं उभा करतात.

भाच्यानं पहिला व्हिडिओ लावला तो १३ ऑक्टोबर २००१ चा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये सामना. पाचपैकी तीन जिंकायचे, आणि यांकीज पहिले दोन स्वतःच्या घरी हरून आलेले. नऊपैकी सातवी इनिंग, यांकीज एकच रन पुढं. ओकलंडचा जेरेमी जियांबी पहिल्या बेसवर. टेरेन्स लाँगनं चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला आणि जियांबी जो सुटला तो तिसरा बेस ओलांडून घराकडेच. कोपऱ्यातून शेन स्पेन्सरनं फेकलेला थ्रो, चेंडू मध्ये झेलून पुढं द्यायला उभे असलेल्या दोघांच्याही डोक्यावरून गेला. टप्पा खात चेंडू पहिल्या बेसच्या रेषेजवळून घरंगळत आलाय, तिथं कुणी नाही. आणि कुठून तरी हा शॉर्टस्टॉप तिथं हजर! मैदानाची दुसरी बाजू त्याची, आणि हा इकडे. पळता पळता चेंडू उचलला, अंगाच्या आडून उलट्या हातानं कॅचर, म्हणजे त्यांचा कीपर, पोसाडाकडे ढकलला. पोसाडानं वळून जियांबीच्या पायाला ग्लव्ह लावला. जियांबी घसरलाच नाही, उभाच पळत आला. आऊट. सामना १-०, आणि पुढं मालिकाही यांकीजनी घेतली.

मी तो व्हिडिओ किमान तीस वेळा बघितला असेल. चेंडू बघायचा नाही, जीटरचे पाय बघायचे. थ्रो हातातून सुटल्यावर त्याची मान एकदाच वर होते, आणि तो चुकलाय हे कळल्याबरोबर पाय वळतात. अशा वेळी शॉर्टस्टॉपनं मधोमध मोकळं राहून कुठं गरज पडते ते बघायचं असतं, एवढंच त्याचं काम. आमच्याकडे थ्रोच्या मागं बॅकअपला जा म्हणून कॅप्टन ओरडून ओरडून घसा बसवतो आणि कव्हरचा गडी कमरेवर हात ठेवून बघत राहतो. ओव्हरथ्रोचे चार रन लिहिताना माझी पेन्सिल किती वेळा मोडली असेल! त्यामुळे भाच्याला मी तिथंच सांगून टाकलं, हे बेसिक आहे, आणि अस्सल आहे.

दुसरा व्हिडिओ १ जुलै २००४ चा, रेड सॉक्सविरुद्ध, बरोबरी सुटेना म्हणून लांबलेली बारावी इनिंग. ट्रॉट निक्सननं मारलेला उंच चेंडू डाव्या बाजूला प्रेक्षकांकडे चाललेला. जीटर पळत पळत झेल घेतो आणि वेग न आवरल्यानं थेट खुर्च्यांत कोसळतो. बाहेर येतो तो रक्तबंबाळ तोंडानं. भाच्याच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं असतं, पण मधेच लाईट गेली.

लाईट नसताना डोकं चालतं. अंधारात मी भाच्याला विचारलं, "हे दोन झाले. आता जे चेंडू त्याच्या बाजूनं गेले आणि त्याला मिळाले नाहीत, ते दाखव." तो म्हणाला, "त्याचे व्हिडिओ कोण करतंय मामा?"

झालं. मला माझा मुद्दा मिळाला.

आमच्या फौंड्रीत एक रिजेक्शनचं रजिस्टर आहे. कुणी किती कास्टिंग केलं, त्यातलं किती ब्लो होल पडून, किती भेग जाऊन भट्टीत परत गेलं. फार वर्षांपूर्वी एका मोल्डरचं रिजेक्शन सगळ्यांत कमी असायचं. मालक खूश, दसऱ्याला त्याला वेगळं पाकीट. मी हिशेब बघायला लागल्यावर कळलं की गडी कोअर घालायचे अवघड जॉब घ्यायचाच नाही. सपाट, सोपे जॉब आपल्याकडे ओढायचा आणि अवघड पोरांच्या गळ्यात मारायचा. रजिस्टर खोटं नव्हतं. रजिस्टरला जे विचारलं होतं, तेवढंच ते सांगत होतं.

बेसबॉलमध्ये एरर नावाचा रकाना आहे. साध्या प्रयत्नानं व्हायला हवं होतं ते झालं नाही, असं अधिकृत स्कोअररला वाटलं की तो फिल्डरच्या नावावर एरर मांडतो. माझ्यासारखाच कुणीतरी पेन्सिलवाला. ह्या एररवरून फिल्डिंगची टक्केवारी निघते: हात लागलेल्या कामांपैकी किती नीट पार पडली. जीटरची कारकिर्दीची ही टक्केवारी .९७६, म्हणजे हजारात ९७६. २०१० साली तर फक्त ६ एरर. कुणालाही वाटेल, काय हात आहेत!

आणि हात होतेच. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, १९९३ साली, खालच्या दर्जाच्या लीगमध्ये ह्याच पोरानं एका हंगामात ५६ एरर केले होते. छप्पन्न! हा शॉर्टस्टॉप होणार नाही, दुसरीकडे हलवा, असं कुणी म्हटलं असतं तर चूक नव्हती. तिथून तो सहावर आला. ती मेहनत कुणी काढून घेऊ शकत नाही.

पण एरर मांडायला आधी चेंडूजवळ पोचावं लागतं. जो दोन पावलं आधी थांबला, त्याच्या नावावर काहीच लागत नाही. चेंडू मोकळा गेला, बॅट्समनला हिट मिळाली, दोष पिचरच्या, म्हणजे त्यांच्या बॉलरच्या, खात्यात. माझा मोल्डर आठवा.

हे ठळकपणे दाखवून दिलं बेसबॉलचे आकडे मांडणाऱ्या बिल जेम्स ह्या माणसानं. १९७० च्या दशकात त्यानं रेंज फॅक्टर नावाचा साधा हिशेब काढला: किती चुकलं ते सोडा, माणसानं मुळात कामं किती केली ते मोजा. ह्या मापात जीटर बहुतेक वर्षं लीगच्या सरासरीच्या खाली. पुढं प्रत्येक चेंडू कुठं गेला, किती जोरात गेला याच्या नोंदी व्हायला लागल्या. २००६ साली जेम्सनं जीटर आणि ह्यूस्टनचा अ‍ॅडम एव्हरेट यांचे चांगले-वाईट चेंडू व्हिडिओवर बघून तुलना केली. आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, म्हणूनच तो बघायला बसला होता. बघून झाल्यावर त्याला आकडे मान्य करावे लागले. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनीही हिशेब मांडला, त्यात शॉर्टस्टॉपांच्या यादीत जीटर तळाला. जीटरनं ते हसण्यावारी नेलं, कॉम्प्युटरच बिघडला असेल म्हणाला.

आणि गंमत बघा. २००४ मध्ये अलेक्स रॉड्रिगेझ यांकीजमध्ये आला तो शॉर्टस्टॉपचे लागोपाठ दोन गोल्ड ग्लव्ह घेऊन. तरी जागा बदलली त्यानंच. तो तिसऱ्या बेसवर गेला, जीटर आपल्या जागी राहिला. कॅप्टनची जागा. आपल्याकडे देवळातल्या मानाच्या पानासारखं: कुणाला जास्त भूक आहे ते कुणी विचारत नाही.

मग पाच गोल्ड ग्लव्ह कसे? त्या काळी हे मत फक्त मॅनेजर आणि कोच लोकांचं असायचं. ते आपापल्या संघात गुंतलेले, बाकीच्यांना वर्षातून मोजके दिवस बघणार. नाव मोठं, बॅटिंग चांगली, एरर कमी, मारा शिक्का. १९९९ साली राफाएल पाल्मेरोला पहिल्या बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला, आणि त्या वर्षी तो पहिल्या बेसवर उभा राहिला होता फक्त २८ सामन्यांत! बाकीच्या सामन्यांत तो नुसती बॅटिंग करत होता. २०१३ पासून त्या मतांत आकड्यांचाही वाटा धरायला लागले, ते उगाच नाही.

आपण हसायला नको. आपल्या स्कोअरबुकात तर एररचा रकानाच नाही. कॅच सुटला तर मी काय लिहितो? डॉट, नाहीतर पळालेले रन. सोडणाऱ्याचं नाव कुठंच नाही. द्रविड आपल्या राज्याचा आणि घरात मराठी बोलणारा, म्हणून आम्हाला दोन्ही बाजूंनी जवळचा. त्याचे कसोटीतले २१० कॅच मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. २०२५ मध्ये जो रूटनं ते मागं टाकले, तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण द्रविडच्या हातून किती सुटले, ते माझ्या ओठांवर नाही. त्याचं तंत्र खणखणीत होतं हे माझे डोळे सांगतात. जीटरबद्दल पन्नास हजार प्रेक्षकांचे डोळेही हेच सांगत होते.

आता घरचं.

आमच्या भागातल्या एका संघात पॉइंटला एक गडी होता. नाव लिहीत नाही, शहापुरातले वाचतील तर ओळखतीलच. टेनिस बॉलच्या स्पर्धेत बेस्ट फिल्डरचा कप ठरलेला त्याचाच. डाईव्ह मारली की लाल मातीचा फराटा छातीपासून गुडघ्यापर्यंत. उठायचा, माती न झाडता तसाच उभा राहायचा. कडेला बसलेली पोरं शिट्ट्या मारायची. हातात आलेला चेंडू त्यानं सोडलेला मी पाहिला नाही.

एका उन्हाळ्यात बसल्या बसल्या मला खोड सुचली. प्रत्येक फिल्डरच्या एका बाजूनं, दोन-तीन पावलांच्या आतून जो चेंडू निसटेल, त्याचं पेन्सिलीनं समासात एक टिंब द्यायचं. डाईव्ह मारली की नाही, ते बघायचं नाही. तीन दिवसांची स्पर्धा. शेवटी मोजलं तर कव्हरच्या नवख्या पोराची ४ टिंबं, आणि आमच्या पॉइंटची ११. शेजारच्या कन्नड स्कोअररला दाखवलं. तो बुक जवळ ओढून बघत राहिला, मग म्हणाला, "डाईव्ह हाकतान, सिगंगिल्ला." डाईव्ह मारतोय, मिळत नाही.

मग मी टिंबं सोडून त्याचे पाय बघायला लागलो. बॉलर चेंडू टाकतो, तेव्हा हा गडी सरळ गुडघ्यानं, टाचांवर उभा. चेंडू बॅटवरून निघाल्यावर टाच उचलणार, मग वजन पुढं येणार, मग पाऊल. तेवढ्यात चेंडू पोचलेला असतो, म्हणून डाईव्ह. डाईव्ह ही त्याच्या उशिराची भरपाई होती, आणि टाळ्या भरपाईला पडत होत्या. कव्हरचं पोर मात्र चेंडू पडायच्या आधी एक छोटी उडी घेऊन चवड्यांवर यायचं. ते उभ्यानंच चेंडू अडवायचं, म्हणून कुणाला दिसायचंच नाही.

जीटरची हवेत उडी घेऊन मारलेली थ्रो जगप्रसिद्ध आहे. उजवीकडे लांब पळायचं, उलट्या हातानं चेंडू घ्यायचा, उडी मारून हवेतूनच पहिल्या बेसवर फेकायचा. पोस्टरवर छापावी अशी. पण मला आता ती बघताना प्रश्न पडतो की हा अर्धा पाऊल आधी पोचला असता तर पाय रोवून फेकता आलं नसतं काय? उडी मारायची वेळ का आली?

ही टिंबं मी चार वर्षं कुणाला दाखवली नाहीत. कप देणारे मी नव्हे, आणि गडी दिलदार. सामना संपल्यावर स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा-भजी. असल्या माणसाला काय सांगायचं? एकदा पावसानं सामना थांबला, तेव्हा तो टेबलाजवळ येऊन बसला आणि समासात बोट ठेवून म्हणाला, "हे काय लिहालाय वो आण्णा? मुंग्या लागल्यात बुकाला."

मी सांगितलं. टाचांचंही सांगितलं. पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्यानं पान मागं उलटलं, अजून मागं उलटलं. आपल्या नावापुढची टिंबं बोटानं मोजली. मग एवढंच म्हणाला, "आन् हे आधी सांगायचं न्हवं काय वो? छत्तीस वर्षांचा झालो मी."

जीटरचंही थोडंफार तेच झालं. २००७ चा हंगाम संपल्यावर यांकीजचे जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन यांनी त्याला बसवून सांगितलं की बाजूला सरकण्यात तू कमी पडतोस. तोपर्यंत तो तेहतीस वर्षांचा, तीन गोल्ड ग्लव्ह कपाटात. पण त्यानं तोंड फिरवलं नाही. हंगाम नसताना बाजूच्या हालचालीवर, पहिल्या पावलावर वेगळा व्यायाम केला. २००९ साली, म्हणजे पस्तिशीत, आकडे मांडणाऱ्यांच्या हिशेबातही तो सुधारलेला दिसला. त्या वर्षीचा गोल्ड ग्लव्ह मी त्याला बिनतक्रार देतो. आधीचे तीन देताना हात आखडेल. २०१० च्या वेळी पाय परत जड झाले होते, पण सहाच एरर, आणि नाव जीटर.

भाच्याला मी फोनवर हेच सांगितलं. हात, फेक, डोकं, कुणी कुठं जायचं याचं भान, यात तुझा माणूस नावाला शोभणारा. पण शॉर्टस्टॉपचं पहिलं बेसिक म्हणजे पहिलं पाऊल, आणि तिथं तो वर्षानुवर्षं कच्चा होता. त्याची कीर्ती अर्धी खरी, आणि उरलेली अर्धी एररच्या रकान्यानं फुगवलेली. भाचा चिडला. "मामा, तुम्ही एक सामना तरी पूर्ण स्टेडियममध्ये बघितलाय काय?" नाही बघितला, बाबा. तिकडे बोलाव, बघतो. त्यानं रागानं वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर बोटात घालायला मिळतात त्या पाच अंगठ्यांचे फोटो पाठवले. मी त्याला अंगठा पाठवला.

मागच्या महिन्यात चाळिशीवरच्यांची स्पर्धा होती, व्हॅक्सिन डेपोवर. आमचा पॉइंट आता पोट सुटलेला, डोक्यावर रुमाल. पण उभा होता नेहमीच्या जागेपेक्षा दोन पावलं मागं. बॉलर क्रीजजवळ आला तशी त्यानं छोटी उडी घेतली आणि चवड्यांवर आला. चेंडू त्याच्या डावीकडून चालला होता. दोन पावलं टाकली, वाकला, उभ्यानंच अडवला आणि कीपरकडे फेकला. कुणी टाळी वाजवली नाही. गड्याचा शर्ट दिवसभर पांढराच राहिला.

बेस्ट फिल्डरचा कप दुसऱ्यालाच गेला. त्यानं दोन डाईव्ह मारल्या होत्या.